दोन क्रेडिटची मोडी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजने ओपन इलेक्टिव्हची, म्हणजे शाखेबाहेरच्या ऐच्छिक विषयांची, यादी लावली आहे: पर्सनल फायनान्स, उद्योजकता, मानसशास्त्राची ओळख आणि मोडी लिपी, म्हणजे जुने मराठी कागद जिच्यात लिहिले जायचे ती. मुलाला मोडी हवी आहे, कारण गावच्या घरी पणजोबांच्या कागदांची पेटी आहे आणि त्यातलं अक्षरही कुणाला लागत नाही. बाबांचं म्हणणं, एवढी फी भरून पोरगा मोडीच शिकणार असेल तर गावची शेती काय वाईट होती, त्या वेळात क्लाउड कॉम्प्युटिंगचं सर्टिफिकेट कर म्हणावं. आणि तुम्ही विचारलंय की ज्या विषयाचा पुढे नोकरीशी काडीचाही संबंध नाही, तो मुलांनी शिकावा का.

मी बावीस वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतोय. त्यातली नऊ वर्षं प्लेसमेंटचं काम माझ्याकडे होतं. मुलाखती संपल्यावर कंपनीची माणसं दार लावून मुलांबद्दल काय बोलतात, ते चहा पुढे करता करता बरंच ऐकलंय. त्या भांडवलावर लिहितो.

आधी हिशोब करू, कारण घरातली निम्मी भांडणं हिशोब न केल्यामुळे होतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास. दोन क्रेडिटचा विषय म्हणजे तीस तास, आठवड्याला साधारण दोन. आपल्याकडच्या नव्या रचनेत इंजिनिअरिंगची पदवी १६० ते १७६ क्रेडिटची आणि त्यात ओपन इलेक्टिव्ह आठ. शंभरातले फार तर पाच. शिवाय हा विषय आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा असतो. म्हणजे मोडी सोडली तर त्या जागी क्लाउड येणार नाही, पर्सनल फायनान्स नाहीतर उद्योजकता येईल. बाबा ज्या दोन गोष्टी तराजूत टाकतायत त्या एका तराजूतल्या नाहीतच. क्लाउडचा कोर्स उन्हाळ्याच्या सुट्टीत करता येतो आणि त्याने तो जरूर करावा. (जाता जाता, ॲमेझॉनच्या क्लाउड सर्टिफिकेटची मुदत तीन वर्षांची असते. दुसऱ्या वर्षी घेतलं तर नोकरीत रुळेपर्यंत ते संपत आलेलं असेल.)

तेव्हा मोडी की करिअर असा सामनाच इथे नाही. हे तीस तास कसेही जाणारच आहेत, ते कशात घालवायचे एवढंच ठरवायचंय.

पण बाबांची भीती खोटी नाही, आणि ती उडवून लावू नका. नऊ वर्षांत एकाही कंपनीने मार्कशीटवरच्या ओपन इलेक्टिव्हच्या ओळीवर बोट ठेवून काही विचारल्याचं मला आठवत नाही. दहावीपासून साठ टक्के आहेत का, लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) आहे का, ॲप्टिट्यूड निघाली का, कोडिंगचा राउंड पार केला का, एवढंच बघतात. 'आमचे विद्यार्थी मानव्यविद्याही शिकतात' हे वाक्य कॉलेजच्या माहितीपत्रकात छान दिसतं. कॅम्पसच्या दिवशी त्याला कुणी विचारत नाही. तुमचा मुलगा 'सर, मी मोडी केलीय' म्हणाला आणि समोरच्याचे डोळे चमकले, असं काही होईल या आशेवर असाल तर ती आताच सोडा.

मी स्पष्ट नाही म्हणतो तेही सांगतो. मुलाचा एखादा मुख्य विषय राहिलेला असेल तर मोडी नको, मानसशास्त्र नको, काहीही नको. जो सगळ्यात हलका असेल तो घे आणि राहिलेला विषय काढ. हा नियम मी चूक करून शिकलो. माझ्याकडे एक मुलगा होता, एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलेला. यादीत एक छान विषय होता, सर्वेक्षण करायचं, लोकांशी बोलायचं. पोरगा बोलका होता, मी म्हटलं हाच घे, तुला शोभेल. तो इतका रमला की बाजारात फिरून चाळीस-पन्नास लोकांच्या मुलाखती घेऊन आला. एम-थ्री पुन्हा राहिलं आणि पुढच्या वर्षी बॅकलॉगमुळे त्याला पहिल्या तीन-चार कंपन्यांना बसताच आलं नाही. त्याचे वडील एसटीत कंडक्टर. ते कॉलेजात आले, आवाज चढवला नाही. 'सर, तुम्ही म्हणालात म्हणून,' एवढंच म्हणाले. मुलाला पुढे नोकरी लागली, बरी लागली, पण ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. तेव्हापासून कुणी इलेक्टिव्हबद्दल विचारायला आलं की मी आधी निकाल काढायला लावतो.

बारावीतल्या मुलांनाही मी हा सल्ला देत नाही. त्या वर्षी सीईटी आणि बोर्ड एवढंच जग असतं. मेडिकल, सीए वगैरे करणाऱ्यांना तर श्वास घ्यायला फट नसते, त्यांची गोष्ट वेगळी.

आता समजा बॅकलॉग नाही, पॉइंटर (गुणांची सरासरी) बरा आहे. मग का शिकावं?

आपल्याकडे याला एक ठरलेलं उत्तर आहे: 'बुद्धीला धार येते.' संस्कृत घेतलं की पाठांतर सुधारतं, बुद्धिबळ खेळलं की गणित येतं, गणित आलं की माणूस तर्काने वागतो. (आमच्या स्टाफरूममध्ये गणिताचे तीन प्राध्यापक आहेत. शेवटच्या मुद्द्यावर मी बोलत नाही.) अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी लॅटिनबद्दल असंच बोललं जायचं. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने ते तपासून पाहिलं, १९०१ मध्ये वुडवर्थबरोबर आणि पुन्हा १९२४ मध्ये शाळेतल्या हजारो मुलांच्या चाचण्या घेऊन. एका विषयात कमावलेलं कौशल्य दुसऱ्या विषयात आपोआप उतरत नाही, दोन्हींत जेवढं सामाईक असेल तेवढंच उतरतं, असं निघालं. माझा वर्गातला अनुभव अगदी हाच आहे. तबला वाजवणारा मुलगा कोडिंगमध्ये तालात चालतो असं मी तरी पाहिलं नाही.

तेव्हा 'सर्वांगीण विकास' हे कारण बाबांना सांगायला जाऊ नका, ते ऐकणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच असेल. मोडी शिकून मोडी येते. बुककीपिंग शिकून बुककीपिंग येतं. मी विषय घ्यायला सांगतो तो त्या विषयातल्या मालासाठी, आणि कॉम्प्युटरवाल्या पोराला हा माल इतरांपेक्षा जास्त लागतो. त्याचं कारण एका प्रोजेक्टवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाच्या चौघांच्या गटाने तालुक्याच्या एका पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर करायला घेतलं. तीन मुलगे कोडिंगला एकदम तयार. चौथी मुलगी मधली, पण तिने आधी ऐच्छिक म्हणून अकाउंटिंग घेतलेलं, कारण वडिलांचं किराणा दुकान होतं आणि चोपड्या बघत ती मोठी झाली होती. मुलांनी स्क्रीन सुंदर केला. प्रत्येक नोंदीसमोर दोन बटणं, एक दुरुस्त करा, एक काढून टाका. डेमोला पतसंस्थेचे मॅनेजर आले, साठीचे गृहस्थ. त्यांनी ते 'काढून टाका' बघितलं आणि खुर्चीत मागे सरकले. मुलांना कळेना काय चुकलं. तिला कळलं. ती म्हणाली, 'अरे, किर्दीतली, म्हणजे रोजच्या हिशोबाच्या वहीतली, नोंद खोडत नाहीत. चुकली तर तशीच ठेवायची आणि खाली उलट नोंद करायची. उद्या ऑडिटर आला तर चूक कुठे झाली, कुणी सुधारली, कधी सुधारली, सगळं दिसलं पाहिजे.' आठवडाभरात तिघांनी ती बटणं काढली, उलट नोंदीचा फॉर्म केला, त्यात कारण लिहिण्याची जागा ठेवली.

पुढची गंमत अशी की दुसऱ्या डेमोला तेरीज, म्हणजे जमा-नावेच्या बेरजांचा ताळा, जुळेना. नऊशे रुपयांचा फरक. मुलगे लगेच कोडमध्ये घुसले, कुठे बेरीज चुकतेय बघायला. तिने फरकाला नऊने भाग जातो हे पाहिलं आणि म्हणाली, कोडचं नंतर बघू, आधी कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलीय का बघा. खतावणीत (खातेवार वहीत) एका ठिकाणी ४,५०० चे ५,४०० झाले होते. चाचणीसाठी डेटा भरताना यांच्यातल्याच एकाने केलेलं. आकडे उलटेपालटे झाले की फरकाला नऊने हमखास भाग जातो, ही जुन्या मुनीमजींची युक्ती आहे. नऊने भाग गेला म्हणजे दर वेळी अदलाबदलच असते असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. मॅनेजर खूश.

कॅम्पसला तिला मार्कशीटवरच्या त्या विषयाबद्दल कुणी विचारलं नाही. प्रोजेक्टबद्दल मात्र विचारलं, आणि ती उलट नोंदीवर पंधरा मिनिटं बोलली. बाकीचे 'सर, मी फ्रंटएंड केला' इथेच थांबले. नोकरी तिला त्यामुळेच लागली असं म्हणणार नाही, कोडिंगचा राउंड तिने आधी पार केला होता. पण बंद दाराआड तिच्याबद्दल बोलणं कसं झालं ते मला माहीत आहे.

आमच्या शाखेचं दुखणं हेच आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरचा स्वतःचा माल नसतो, तो दुसऱ्याच्या मालाला पोती शिवून देतो. आज बँक, उद्या हॉस्पिटल, परवा साखर कारखान्याचा वजनकाटा. आत काय भरायचंय हे ज्याला कळत नाही तो पोतं सुबक शिवतो आणि माल गळतो. दुसऱ्याच्या धंद्याची रीत आपल्याहून वेगळी असते, आणि तिच्यामागे कारण असतं, हे वर्गात सांगून मुलांना पटत नाही. एका तरी परक्या विषयात चार-सहा महिने घुसल्यावर पटतं. कुठल्या विषयात, याला फार महत्त्व नाही.

इथे मी पूर्वी दामोदर धर्मानंद कोसंबींचं उदाहरण द्यायचो. गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहिलेले, मूळचे गणिती. संख्याशास्त्राचा हात बसावा म्हणून त्यांनी जुन्या नाण्यांची वजनं करायला घेतली. नाणं जितकं हातोहात फिरतं तितकं झिजतं, म्हणून एकाच चालीच्या नाण्यांच्या वजनांचा पसारा बघितला की आधीची कुठली आणि नंतरची कुठली याचा माग लागतो. त्या नाण्यांवरून ते पाडणाऱ्या राजांकडे गेले आणि १९५६ मध्ये त्यांचं भारतीय इतिहासावरचं पुस्तक आलं, ज्याच्याशी इतिहासकार आजही वाद घालतात. त्याच माणसाचं १९४४ चं एक सूत्र जनुकांमधलं अंतर मोजायला अजून वापरतात. गोष्ट खरी आहे, पण हल्ली वर्गात सांगत नाही. मुलं म्हणतात, 'सर, ते कोसंबी होते.' त्यात तथ्य आहे. किराणा दुकानातली मुलगी त्यांना जास्त जवळची वाटते.

आता मोडीकडे येतो. आमच्याकडेही दोन वर्षं हा विषय होता, शिकवायला बाहेरून एक बाई यायच्या. मी मागच्या बाकावर बसून आठ-दहा तास केले. (चिटणिशी वळण, म्हणजे मोडी लिहिण्याची एक जुनी धाटणी, मला शेवटपर्यंत जमलं नाही, पण तो माझा दोष.) कॉम्प्युटरच्या पोराला तिथे काय मिळतं ते सांगतो.

देवनागरीत आपण अक्षर लिहितो आणि मग वर रेघ ओढतो. मोडीत उलटं. आधी पानभर रेघ ओढून घ्यायची, मग हात शक्यतो न उचलता अक्षरं तिला टांगत जायची. शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही. तेव्हा शब्द कुठे तुटतो हे अक्षरं बघून कळत नाही, विषय काय चाललाय हे कळलं तरच तुटतो. आमच्या वर्गातल्या मुलांनी पहिल्याच दिवशी 'आपण प्रोग्रॅम लिहून वाचू' असं जाहीर केलं होतं. तिसऱ्या तासाला गप्प झाली. 

मग तारीख आली. शिवकालीन कागदावर तारखेच्या जागी 'सन अर्बा सबैन व अलफ' असं असतं. मजकूर मराठी, आकडे अरबी शब्दांत, आणि तेही एककापासून वर: चार, सत्तर आणि हजार. म्हणजे शुहूर सन, त्या काळच्या कागदांतली कालगणना, १०७४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १६७३, पण हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासून ६०० मिळवायचे. तारीख म्हणजे फॉर्ममधला एक चौकोन असं समजणाऱ्या पोरांचे चेहरे त्या दिवशी बघण्यासारखे होते. एकाने वहीत लगेच फंक्शन लिहायला घेतलं, आणि मृगाचं काय करायचं म्हणून अडला.

मोडीला मागणी येते हे कारण देऊन मी ती घ्यायला सांगणार नाही, कारण ते कारण टिकत नाही. २०२३ च्या शेवटी राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांना एकदम बोलावणी आली. ज्यांना आधीपासून येत होती त्यांना कामं मिळाली. मागणी बघून जे क्लासला धावले त्यांचं वळण बसेपर्यंत गर्दी ओसरली असणार. तसंच, २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आली आणि २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीचं देवनागरी करणारं एआय मॉडेल मांडलं. हे मुलाला जरूर सांगा, त्याला आवडेल. पण बाबांना 'बघा, यात स्कोप आहे' म्हणून विकू नका. स्कोप म्हणून घेतलेला विषय स्कोप दिसेनासा झाला की पोरं टाकून देतात.

तुमच्या मुलाजवळ त्याहून भक्कम काहीतरी आहे, ती पेटी. यादीतले बाकीचे विषय वर्गातली मुलं 'स्कोअरिंग आहे' म्हणून घेतील, परीक्षेच्या आदल्या रात्री पीडीएफ वाचतील आणि पास होतील. त्याला चूक म्हणणार नाही, मीही माझ्या काळात तेच केलं. इंडस्ट्रियल सायकॉलॉजी नावाचा विषय होता, सर गाइड वाचून दाखवायचे, आज त्यातला शब्दही आठवत नाही. त्यापेक्षा ज्याच्या घरी न वाचलेले कागद पडलेत त्याच्याकडे निदान तासाला बसायला कारण आहे.

ठरवण्याआधी मुलाला सीनियरकडून तीन गोष्टी काढायला सांगा. शिकवणारं कोण आहे, स्वतः मोडी वाचतं का? वर्गात खरा कागद किंवा त्याची प्रत हातात देतात का, की नुसती बाराखडी गिरवून घेतात? आणि परीक्षा कशी, उतारा वाचायला देतात की मोडीचा इतिहास लिहायला लावतात? पहिल्या दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं तर बाबांचं ऐका, पर्सनल फायनान्स घेऊ दे, निदान पहिल्या पगाराला पीएफ कशाला कापला हे तरी कळेल. मोडी मग पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन विचारावी, किंवा पुराभिलेख विभाग वर्ग घेतो त्याची चौकशी करावी. आणि उत्तरं चांगली आली तर त्याला घेऊ द्या, बाबांना हे तीस तासांचं गणित दाखवा आणि मे महिन्यात क्लाउड करायचं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

एक मात्र करा. गणपतीला गावी जाल तेव्हा पेटीतला कागद पुण्याला आणू नका, मोबाइलवर सावलीत सरळ फोटो काढून आणा. घडीवर जोर देऊन उलगडू नका, चिकटपट्टी लावू नका आणि 'टिकावा' म्हणून लॅमिनेट तर मुळीच करू नका. आमच्या मोडीच्या बाई लॅमिनेट केलेला कागद बघून अक्षरशः कपाळाला हात लावायच्या. आणि आत पेशव्यांची सनद वगैरे निघेल अशी आशा मुलाला आधीच लावू नका. बाईंकडे वर्गातल्या मुलांनी आणलेल्या दहा कागदांत सात कर्जरोखे, दोन गहाणखतं आणि एक बैल विकल्याची पावती होती. ती पावती ज्याची, तो पोरगा मात्र सगळ्यात जास्त खूश होता, कारण खाली बैलाचा रंग आणि शिंगांचं वर्णन होतं.